दुसऱ्या फेरीसाठी ठेवलेली दारं

परवा औरंगपुऱ्याच्या कोपऱ्यावर दौलताबादच्या बायका टोपल्या मांडून बसलेल्या दिसल्या. सीताफळं आली होती. डोळे उघडलेली, खाचांतून पांढुरकी पडलेली. एकीनं हाक मारून विचारलं, "आज खायाचीत का परवा, ताई? तशी काढून देते." या बायकांचा हा प्रश्न ठरलेला असतो आणि त्यांचा हात कधी चुकत नाही. मी नको म्हणून मान हलवली आणि पुढे निघाले. सहा वर्षं झाली, मी सीताफळ घरी आणलेलं नाही. फळाचा काही दोष नाही. त्या एका हंगामात आम्ही चौघांनी इतकी सीताफळं खाल्ली की आता नुसता वास आला तरी मला अभ्यासिकेतलं लांब टेबल दिसतं, टेबलावरच्या काळ्या बिया दिसतात आणि पल्लवी दिसते. पल्लवी तशीही रोज दिसते. ती अजून तिथेच बसते.

मी अभ्यासिका सांभाळते. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. लाकडी फळ्या मारून कप्पे पाडलेली एक खोली, चाळीस खुर्च्या, भिंतीवर घड्याळ आणि खाली घातलेल्या चाळीस माना. जिल्ह्यातल्या गावागावांतून आलेली पोरं-पोरी इथे सरकारी नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करतात. वर्षानुवर्षं करतात. सकाळी कुलूप काढायचं, उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी घालायचं, नळाला पाणी येणार त्या दिवशी टाकी भरून घ्यायची, कुणाचा फोन वाजला तर त्याच्याकडे नुसतं बघायचं, हे माझं काम. ओरडावं लागत नाही. माझा चेहराच पुरतो. मी स्वतः याच खोलीत नऊ वर्षं बसले होते, खिडकीकडून तिसऱ्या खुर्चीवर. माझी वयोमर्यादा संपली तेव्हा मालक म्हणाले, "सुनंदाताई, तुम्हाला इथलं सगळं माहीतच आहे, किल्ली तुम्हीच ठेवा." चांगुलपणानेच म्हणाले. खुर्ची सुटली, खोली काही सुटली नाही.

त्या हंगामात आम्ही ज्यातला खेळ खेळलो ते खोकं माझ्या धाकट्या भावाचं. तो पुण्याला नोकरीला होता आणि दर शनिवारी मित्रांबरोबर टेबलाभोवती बसून कसले तरी खेळ खेळायचा. परदेशी जाताना सामानाची आवराआवर झाली तेव्हा चार खोकी माझ्याकडे आणून टाकली. तीन पटावरच्या खेळांची, आणि चौथ्याच्या झाकणावर आग ओकणारा ड्रॅगन. "हे फेकू नको, ताई," तो म्हणाला. "अगदी नवीन माणसांना शिकवायला बनवलेलं खोकं आहे हे. सुरुवातीला लागतं ते सगळं यात मिळतं." आत दोन पुस्तिका होत्या, एक पातळ नियमांची आणि एक जाड गोष्टीची. पाच तयार पात्रांचे पाच कागद. आणि तऱ्हेतऱ्हेचे फासे, त्यातला एक तर वीस बाजूंचा. मला काडीचं कळेना. मग त्यानेच फोनवरून समजावलं. एकाने गोष्ट सांगायची: तुम्ही अमक्या ठिकाणी उभे आहात, समोर तमकं आहे. बाकीच्यांनी आपापल्या पात्राचं सोंग घेऊन सांगायचं, मी हे करतो. जमेल की नाही अशी शंका असली तर फासा टाकायचा. जे होईल त्यातून गोष्ट पुढे जाते. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही.

"मग खेळ कुठं आहे यात?" मी विचारलं.

"'तू काय करतेस?' असं विचारायचं आणि समोरचा काय म्हणतो ते ऐकायचं. हाच खेळ," तो म्हणाला.

मला तो प्रश्न फार आवडला. नऊ वर्षं मला लोकांनी निकालाचं काय झालं एवढंच विचारलं होतं.

त्या वर्षी परीक्षेची तारीख पुढे गेली होती. किती पुढे, ते कुणालाच माहीत नव्हतं. गणपतीला बरीच पोरं गावी गेली ती परत आलीच नाहीत. उरली ती अशी, ज्यांना गावी जाऊन चार माणसांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं नव्हतं. रविवारी दुपारी अभ्यासिका बंद असते; तरी तिघं पायरीवर बसून असायची. गंगापूरकडचा नितीन, उसाचं रान असलेल्या घरातला, ज्याला कुठल्याही गोष्टीचे नोट्स काढल्याशिवाय चैन पडत नसे. समरीन, इथलीच, शहागंजची. अभ्यासात तिघांत हुशार आणि जिभेला हाड नाही. आणि चितेगावची पल्लवी. ती पैठण रोडवरून रोज यायची. तिचे वडील तिकडच्या औषधांच्या एका कंपनीत गेटवर वॉचमन होते. पोरगी फौजदार व्हावी एवढं एकच त्यांच्या मनात होतं. एकदा ते तिचा डबा द्यायला आले. जयभीम घालून दारातच उभे राहिले, काही केल्या आत येईनात. मला म्हणाले, "ताई, एक दिवस हिची जीप आमच्या गेटातून आत जाईल. मी सलाम ठोकीन आन् गेट उघडीन. मग मरायला मोकळा." पल्लवी मागे उभी होती. ती हसली नाही. डब्याचं झाकण उघडून आतल्या भाजीकडे बघत राहिली.

भावाने बजावलं होतं, एकदम ड्रॅगनचं खोकं काढू नको, आधी सोप्या खेळांनी हात बसू दे. म्हणून पहिल्या रविवारी मी एक पट मांडला. गावात पूर येतोय आणि चौघांनी मिळून माणसं वर काढायची, असा खेळ होता. जिंकलो तर सगळे जिंकलो, बुडालो तर सगळे बुडालो. तिघांनी नियम निमूटपणे ऐकून घेतले. मग नितीन म्हणाला, "ते ठीक हाय ताई, पण रँक कसा लावायचा?"

"रँक नाही. सगळे एका बाजूला."

"व्हय, पण आपल्यात पयला कोण?"

मी परत समजावलं. खेळ झाला, आम्ही बुडालो, आणि नितीनने वहीच्या मागच्या पानावर कुणी किती माणसं वर काढली ते मांडून स्वतःचा पहिला नंबर लावून घेतला. समरीन म्हणाली, "पूरा गाँव डूब गया और ये मेरिट लिस्ट लगा रहा." खूप दिवसांनी त्या खोलीत कुणी मोठ्याने हसलं. मला दचकायला झालं, इतकी सवय गेली होती.

दोन-तीन रविवार असे गेल्यावर मी ड्रॅगन बाहेर काढला. जाड पुस्तिकेतली गोष्ट थंड मुलखातली, बर्फ आणि दारूचे गुत्ते असलेली. आमच्या पोरांना ते काय कळणार? मी सगळी गोष्ट उचलून देवगिरीच्या किल्ल्यावर नेली. तो किल्ला यांतल्या प्रत्येकाने शाळेच्या सहलीत चढलेला. तो खंदक, ती अंधारी म्हणजे काळाकुट्ट भुयारी रस्ता, तो वटवाघळांचा वास. गुत्त्याऐवजी पायथ्याचं चहाचं दुकान, गुत्तेवाल्याच्या जागी सीताफळं विकणारी आजी. नकाशे काढणारा एक म्हातारा अंधारीच्या आतल्या बंद दालनांत अडकलाय, त्याच्याजवळ घागरीत थोडंच पाणी आहे, ते संपायच्या आत त्याला शोधायचं. एवढी गोष्ट. पात्रांच्या अंगातला जीव मोजायला खोक्यात काही नव्हतं, मग आम्ही सीताफळाच्या बिया घेतल्या. फळ खायचं, बी धुवायची, आपल्या पुढ्यात ठेवायची. पात्राला जखम झाली की बी परत द्यायची. दुपारभर हात चिकट असायचे आणि कागदांवर बोटांचे ठसे उमटायचे.

नितीनने योद्धा घेतला, कारण त्या कागदावरचे आकडे सगळ्यांत मोठे होते. समरीनने दोनदा वाचून चोरणीचा कागद उचलला. पल्लवीने काहीच उचललं नाही. "तुमचं होऊ द्या, राहील ते मी घेते," म्हणाली. राहिली ती वैदूबाई. तिच्याकडे तीन औषधं होती, एकेका औषधाने कुणाचीही एक जखम बरी करता यायची.

मग मी भावाने शिकवलेला प्रश्न विचारला. "तुम्ही अंधारीत उभे आहात. डाव्या हाताला एक लाकडी दार आहे. आतून काहीतरी घासल्यासारखा आवाज येतोय. तुम्ही काय करता?"

पल्लवीने विचारलं, "ऑप्शन काय काय हायत ताई?"

"ऑप्शन नाहीत. तुला वाटेल ते कर."

"म्हंजी, बरोबर काय हाय?"

"बरोबर असं काही नाही."

नितीनने पेन खाली ठेवलं. इतका वेळ तो मी बोललेलं उतरवून घेत होता. आदल्या आठवड्यात त्याने नियमांची पुस्तिका घरी नेली होती आणि शब्दकोश घेऊन तिचे बावीस पानी नोट्स काढले होते, हिरव्या-लाल शाईत. त्याने अत्यंत गंभीरपणे विचारलं, "चुकलं तर कापतेत का?"

कापतात. आमच्या परीक्षांत चुकीच्या उत्तराला मार्क कापतात. म्हणून आमच्या खोलीत पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवली जाते, मीही शिकवली आहे: शंका असेल तो प्रश्न सोडायचा, पुढे जायचं, सगळा पेपर एकदा पार करायचा आणि वेळ उरला तर दुसऱ्या फेरीत मागे यायचं. नितीन म्हणाला, "मंग हे दार सोडू. सेकंड राउंडला बघू." पल्लवीने मान डोलावली. समरीन कुरकुरली, "मैं तो लात मारके खोलती. जो होना सो होना." पण दोघं विरुद्ध एक. त्यांनी दार सोडलं.

पुढचं दार, आत अंधार, सोडलं. त्याच्या पुढचं दार, कुलूप आहे, सोडलं. पाण्याचा आवाज येणारा जिना सोडला. पुढचे दोन रविवार ही माणसं एका किल्ल्याच्या पोटातून चालत होती आणि एकही दार उघडत नव्हती. जे अगदी सताड उघडं, रिकामं, बिनधोक, तिथे मात्र आत शिरून कोपरा न् कोपरा तपासायची. नितीन कुठलं दार कुठे सोडलं ते वहीत खुणा करून ठेवायचा. एकदा खडक पडून योद्धा जबर जखमी झाला, त्याच्यापुढे दोनच बिया उरल्या. मी वैदूबाईकडे पाहिलं. पल्लवी म्हणाली, "नको ताई. तीनच तर हायत. पुढं लागतील." मी हसले तेव्हा. नवीन माणसं असंच करतात, भावाने सांगितलं होतं. औषधं साठवून ठेवतात. पण घरी जाताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं की माझ्या कपाटात एक मोरपंखी साडी आहे, आईने दिलेली, मी निकालाच्या दिवशी नेसायची म्हणून ठेवलेली. ती घडीवर विरली होती.

मी एका कागदावर घागरीतलं पाणी मोजत होते. दर सोडलेल्या दाराला एक रेघ खोडायची, दर विश्रांतीला दोन. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी ते लिहूनही घेतलं होतं.

त्याच आठवड्यात पल्लवीला चितेगावच्या कंपनीतून फोन आला. तीच कंपनी, जिच्या गेटवर तिचे वडील उभे राहायचे. तिने कधीतरी, बी.एस्सी. झाल्यावर, अर्ज टाकला होता आणि विसरली होती. प्रयोगशाळेत सहायकाची जागा होती, कायम व्हायची. सोमवारी सकाळी हो की नाही कळवायचं. तिने हे मला गुरुवारी टाकीवर पाणी भरताना सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाला आलेला फोन आहे. वडिलांना सांगितलं नव्हतं. "त्यांनीच रोज माझी बॅग तपासायची, ताई. आत जाताना आन् भाहेर येताना. रजिस्टरात सही घ्यायची," ती म्हणाली. "जीपीचं काय सांगू त्यांना?" मी नळ बंद केला. मी म्हटलं, रविवारी निवांत बोलू.

रविवारी आधी खेळ. सगळा किल्ला पार झाला होता आणि म्हातारा सापडला नव्हता. नितीन खुशीत म्हणाला, "आता सेकंड राउंड." वही उघडून त्याने पहिल्या दारापासून सुरुवात केली. समरीनच्या चोरणीने ते दार उघडलं.

खरं म्हणजे मला काहीही सांगता आलं असतं. गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात सगळं असतं. भाऊ फोनवर म्हणाला होता, नवीन माणसं आहेत, सांभाळून घे, मारू नकोस कुणाला. पण मला वाटलं, एकदा बसू दे चटका. शिकतील काहीतरी. आणि रेघा तर कधीच्या संपल्या होत्या. मी सांगितलं ते असं: आत नकाशे पसरलेले आहेत. घागर आडवी पडली आहे, कोरडी. म्हातारा दाराला टेकून बसलाय. त्याच्या हातात एक खापराचा तुकडा आहे आणि दाराच्या आतल्या बाजूला त्याने घासून घासून पाडलेले ओरखडे आहेत. तो जिवंत नाही. तुम्ही पहिल्यांदा इथून गेलात तेव्हा होता.

बाहेर सिटी बसचा हॉर्न वाजला.

"मैं बोली थी," समरीन म्हणाली. तिने चोरणीचा कागद उलटा करून ठेवला. "पहले दिन ही बोली थी मैं."

नितीनने वहीत पाहिलं, पान मागे उलटलं, पुढे उलटलं. "असं कसं ताई? हे सिलॅबसच्या भाहेरचं झालं," तो म्हणाला. पण त्याच्या आवाजात दम नव्हता. पल्लवी पुढ्यातल्या बिया एका रांगेत लावत होती. तिच्या सगळ्या बिया शिल्लक होत्या. ती म्हणाली, "माझी तिन्ही औषधं पण तशीच हायत."

दोघं गेली. पल्लवी मागे राहिली, टेबल पुसायला. सालींवर माशा बसत होत्या. उन्हं खिडकीतून तिसऱ्या खुर्चीवर आली होती. ओलं फडकं हातात धरून ती म्हणाली, "ताई, उद्या सांगायचंय त्यांना. तुम्ही माझ्या जागी असत्या तर काय केलं असतं?"

मला उत्तर ठाऊक होतं. एका क्षणाचीही शंका नव्हती. मी नोकरी धरली असती. माझ्या दुसऱ्या वर्षी मलाही पैठण गेटजवळच्या एका शाळेतून बोलावणं आलं होतं आणि मी ते नंतर बघू म्हणून सोडलं होतं. ते मला उरलेली सात वर्षं, आणि त्यानंतरही, दर जूनमध्ये शाळा उघडल्या की आठवतं. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. मी म्हणाले, "ते तुझं तू ठरवायचं, पल्लवी. मी नाही सांगणार."

खेळाच्या पुस्तिकेत तसा नियमच आहे. गोष्ट सांगणाऱ्याने खेळाडूच्या वतीने काही ठरवू नये. काय समोर आहे ते सांगावं, आणि थांबावं. पाच-सहा रविवारांत मला त्या थांबण्याची चटक लागली होती. समोरचा गोंधळलेला असताना आपण शांत बसून राहायचं, त्यात एक मोठेपणा वाटतो. तिने अजून थोडा वेळ वाट पाहिली. मग फडकं पिळलं, वाळत घातलं आणि गेली.

सोमवारी तिने कळवलंच नाही. हो नाही, नाही पण नाही. प्रश्न सोडून दिला.

यावर मी खूप विचार केला आहे. रिकाम्या खोलीची किल्ली हातात असली की विचाराला वेळ मिळतो. एका न जन्मलेल्या म्हाताऱ्याच्या मरणाबद्दल मी इतकी खरी वागले, शब्द जराही मऊ केला नाही, आणि जिवंत पोरीला दोन वाक्यं खरी सांगता आली नाहीत. नियमाचं कारण मी स्वतःलाही देऊन पाहिलं. ते टिकत नाही. नोकरी धर म्हटलं असतं तर माझी नऊ वर्षं वाया गेली हे मला माझ्याच तोंडाने म्हणावं लागलं असतं, हे एक. दुसरं सांगायला लाज वाटते. ती गेली असती तर रविवार मोडला असता. तिघांत खेळ होतो, दोघांत होत नाही. माझ्या आयुष्यात त्या रविवारांइतकं सुख फार वेळा आलेलं नाही, आणि मला तो हंगाम अजून थोडा चालायला हवा होता.

तो चाललाही नाही. दिवाळीनंतर परीक्षेची तारीख जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिघांच्या माना परत खाली गेल्या. बाजारातली सीताफळंही संपली होती. परीक्षा झाली, निकाल लागला, तिघांतलं कुणीच त्यात नव्हतं. नितीन गंगापूरला परतला. ऊस बघतो, खतांचं दुकान घातलंय. समरीन एका शिकवणीत गणित शिकवते आणि पोरांना बदडते, असं ऐकते. मला बरं वाटतं ऐकून.

त्यानंतर दरवर्षी मी नवीन पोरं जमवून बघते. पटाचे खेळ मांडते, मग ड्रॅगन काढते. पहिल्या दाराशी दरवर्षी कुणीतरी ऑप्शन विचारतं. दोन रविवार होतात, तीन होतात, तारीख येते, टेबल रिकामं होतं. नवशिक्यांसाठीचं खोकं आहे ते. माझ्याकडे त्याच्यापुढचं कुणी टिकलंच नाही, आणि मीही त्या खोक्याच्या पुढे गेलेले नाही. भावाने विचारलं होतं, पुढचं मोठं पुस्तक पाठवू का. मी म्हटलं, इतक्यात नको.

पल्लवी मात्र खेळायला परत बसली नाही. मी दोन-तीनदा बोलावलं. "तुमचं चालू द्या ताई, मला रिव्हिजन हाय," म्हणायची. दोनदा शारीरिक चाचणीपर्यंत गेली आणि दोनदा थोडक्यात राहिली. एकदा तर दोन मार्कांनी. त्या दिवशी पेढे आणायला निघालेल्या वडिलांना तिने वाटेतच थांबवलं होतं. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, गेट सुटलं, घरी बसून असतात. गेटातून आत जाणाऱ्या गाड्या आता दुसराच कुणी बघतो.

गेल्या महिन्यात तिची वयोमर्यादा संपली. मला तारीख माहीत होती. या खोलीत सगळ्यांचे वाढदिवस मला असेच माहीत असतात. त्या दिवशी ती आली नाही. दुसऱ्या दिवशी आली, नेहमीच्या वेळेला, नेहमीची पिशवी घेऊन. दुपारी डबा खायला आम्ही दोघी टाकीजवळच्या पायरीवर बसलो. मी ठरवून ठेवलं होतं. घास हातात धरूनच म्हणाले, "पल्लवी, तेव्हा तू विचारलं होतंस, कंपनीच्या नोकरीचं. मी सांगायला पाहिजे होतं. तुझ्या जागी मी असते तर ती नोकरी धरली असती."

ती चावत राहिली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "ठाऊक होतं मला, ताई."

"काय ठाऊक होतं?"

"नोकरी धरायची ते. फोन आला तेव्हाच ठरलं होतं माझं." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "पण पप्पाला तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती. जीप नको, प्रयोगशाळा करते, असं कसं म्हणू? म्हणून म्हटलं, तुमच्या तोंडून निघालं तर घरी जाऊन सांगता येईल, सुनंदाताईनं सांगितलं. तुमचा लई मान होता घरी. त्यांनी ऐकलं असतं."

मी हातातला घास डब्यात परत ठेवला. ती माझी समजूत घालायला म्हणाली, "जाऊ द्या. तुम्ही तरी काय करणार." मग तिने डबा विसळला, पालथा घातला आणि आत गेली. मी दारातून बघत होते. तिने खुर्ची आवाज न करता मागे ओढली, बसली, आणि पुस्तक उघडलं. कुठल्या परीक्षेचं, ते मी विचारलं नाही.